बंद गाडीतल्या चार खुंट्या

वाचकांच्या भुताखेताच्या अनुभवांचं हे सदर मी बरीच वर्षं वाचतो आहे, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठीच वाचत आलो. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव्हारा नाही, अंगारा नाही, दारावर लिंबू-मिरची नाही. मी स्वतः भद्रावतीच्या एका शाळेत अख्खी नोकरी विज्ञान शिकवण्यात घालवली. वर्गात भुताखेताचं काही निघालं की पोरांना सांगायचो — आधी टॉर्च लावा, मग घाबरायचं की नाही ते ठरवा. आजही विचाराल तर हेच सांगेन. विश्वास बसला म्हणून मी हे लिहीत नाहीये. एक गोष्ट घडली, ती मी आजवर सगळ्यांना अर्धीच सांगितली, आणि उरलेली अर्धी आता झेपेनाशी झाली आहे, म्हणून लिहितोय.

गेल्या महिन्यात आमच्या भागात एक शोकसभा होती. बोलणाऱ्या गृहस्थांनी मध्येच माझ्याकडे बोट दाखवलं. "बापाची सेवा कशी कराव ते पाहाचं असन तं या गुरुजीकडे पाहा. लकवा मारलेल्या बापाले यायनं लेकरावानी सांभाळलं." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला असणार…

असो. नीट सुरुवातीपासून सांगतो.

साल दोन हजार सहा किंवा सात. आम्ही तेव्हा माजरीला, कोळसा खाणीच्या वस्तीला लागून बांधलेल्या आमच्या घरात राहत होतो — मी, माझी बायको सुनंदा, मुलगी आणि बाबा. आई आधीच गेली होती. बाबा खाणीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. अंगाने आडवे, आवाज मोठा, घरातला नळ गळायला लागला तरी प्लंबरला हात लावू देणार नाहीत असा माणूस.

खाणीतल्या एका साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांची गाडी आम्ही घेतली. चंदेरी रंगाची, एसी, काचा बटणावर चालणाऱ्या, आणि चावीला रिमोट. बटण दाबलं की चारही दारांच्या काचांजवळच्या छोट्या खुंट्या एकदम खाली… खट्! पुन्हा दाबलं की एकदम वर. आमच्या गल्लीत तशी गाडी पहिलीच. पोरं जमायची आणि म्हणायची, "गुरुजी, एकदा वाजवून दाखवा ना."

माजरीची धूळ काळी असते. वाळत घातलेल्या बनियनवर ती असते, दह्यावर असते, सकाळी नाक शिंकरलं तर रुमालावर असते. वर्कशॉपमध्ये हत्यारांच्या पेट्यांना जी कुलपं असत, त्यांच्या भोकात ग्रीस लावलेली चिंधी कोंबून ठेवायची पद्धत होती, नाहीतर आठवड्यात चावी फिरेनाशी होते. बाबांच्या हाताला ती सवय लागलेली. गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येऊन बघतो तर बाबा ड्रायव्हरच्या दारापाशी उकिडवे बसलेले, आणि पाइपाचं लिकेज बंद करायला दोन गोळे मळून लावतात ना, तो मसाला चावीच्या भोकात भरून अंगठ्याने गुळगुळीत करत होते.

"बाबा! हे काय करून राह्यले?"

"धूर नको जायाले अंदर." धुळीला ते धूरच म्हणत. "रिमोट हाय ना तुह्याकडे? मंग हे भोक कायले उघडं ठेवतं?"

"अन् कधी चावी लावायचं काम पडलं तर?"

"पडन तं मी आहो ना. काढून देईन."

डिकीचं भोकही त्यांनी तसंच बुजवून टाकलं. बाकीच्या दारांना भोकच नव्हतं. रात्रीतून तो मसाला दगडासारखा वाळला. वरून चंदेरी रंगाचा हात मारला तेव्हा तर तिथे भोक होतं हे सांगूनही कळलं नसतं. बाबा खूश. मीही नंतर विसरून गेलो.

त्या दिवाळीनंतर बाबांना लकवा मारला. उजवी बाजू पूर्ण गेली आणि वाचाही गेली. एक शब्द तेवढा उरला. डॉक्टर म्हणाले, असं होतं, कधी कधी एखादाच शब्द शिल्लक राहतो. बाबांचा शब्द होता "बरं". भूक लागली — बरं. पाठ दुखते — बरं. अंथरुण ओलं झालं — बरं, बरं. रागावले तरी बरं, रडले तरी बरं. मुलगी सुरुवातीला हसायची, मग तिचंही हसू गेलं.

त्या सहा-सात महिन्यांबद्दल मी फार लिहिणार नाही. ज्यांच्या घरात असं अंथरुण आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना सांगून कळत नाही. बाबांना उचलता उचलता सुनंदाची कंबर गेली. रात्री मी उठायचो. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभ्या उभ्या डुलकी लागायची. आमच्या दोघांत तेव्हा भांडणसुद्धा होत नसे, कारण भांडायलाही ताकद लागते.

मे महिन्यात सुनंदाने वैदूचा विषय काढला. आलापल्लीच्या पुढे, भामरागडच्या रस्त्याला, आत एका गावात लकव्याचं जडीबुटीचं औषध देणारा एक म्हातारा होता. चंद्रपूर, बल्लारपूरहून लोक जायचे. मी उडवून लावलं.

"मी विज्ञानाचा मास्तर, अन् वैदूकडे जाऊ?"

"तुमी मास्तर शाळेत. घरी तं लेकच आहा ना?" सुनंदा म्हणाली. "नाई गेलो तं मनाले लागून राहीन. जाऊनच पाहा एकदा." मग पलंगाकडे वळून मोठ्याने, "बाबा, औषध घ्याले जाता का आलापल्लीकडे?"

"बरं," बाबा म्हणाले.

"पाहा! बाबा हो म्हणते."

"ते तर कुत्रं भुंकलं तरी बरं म्हणतात."

सुनंदा हसली. पुष्कळ दिवसांनी हसली म्हणून मी तयार झालो.

तिच्या कमरेत चमक भरलेली, ती काही येऊ शकत नव्हती. मी आणि बाबा दोघेच पहाटे निघालो. बाबांना मागच्या सीटवर, माझ्या पाठीमागे बसवलं, म्हणजे लुळी बाजू दाराला टेकून राहील. वळणावर कलंडू नयेत म्हणून सुनंदाने आपली जुनी साडी त्यांच्या छातीवरून घेऊन सीटला मागून गाठ मारली. डावा हात मोकळा होता, पण तो फार तर सीटच्या मध्यापर्यंत पोचायचा. एकदा चालत्या रिक्षातून त्यांनी उतरायचा प्रयत्न केला होता, तेव्हापासून बाबा गाडीत असले आणि मी खाली उतरलो की पहिलं काम — बटण दाबून दारं बंद. बोटांना सवयच झाली होती.

बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टीचा पूल, आलापल्ली… आणि पुढे जंगल. बाहेरच्या माणसाला सागाचं जंगल म्हटलं की गारवा आठवतो. मे महिन्यात सागाला पान नसतं. नुसते करडे खांब उभे, आणि वरून ऊन सरळ जमिनीवर.

वैदू घरी नव्हता. त्याची बायको अंगणात मोहफुलं वाळवत होती.

"पत्ता तोडाले गेले," ती म्हणाली. तेंदूपत्त्याचा हंगाम होता, अख्खं गाव फळीवर, म्हणजे पत्ता मोजून घेतात त्या ठिकाणी, गेलेलं. "पंधरा रोज नाई येत."

"अहो बाई, आम्ही माजरीहून आलो! इतक्या लांबून…"

"निरोप धाडाचा ना, भाऊ."

"कोणाजवळ धाडणार निरोप?"

"तेही खरं हाय," ती म्हणाली, आणि गाडीत डोकावून बाबांकडे बघितलं. "यायनं घाण केली वाटते."

केली होती. बोअरिंगपाशी नेऊन मी त्यांना धुतलं. त्या बाईने पाणी हापसलं, मग वाटीत आंबील आणून चमच्याने भरवलं. बाबा तिला म्हणाले, "बरं… बरं." ती म्हणाली, "मोठ्या गुणाचा हाय म्हातारा. चांगलंच म्हणते." मला हसू आलं नाही. मी मागची सीट पुसत होतो. डोक्यात एकच चाललं होतं — आता इतकंच मागे जायचं. आणि उद्या परत हेच. परवा परत हेच.

परतीच्या रस्त्यावर मुख्य सडकेला लागलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मीटरपाशी एक लाल दिवा लागला. बॅटरीचा दिवा, हे मला माहीत होतं, पण म्हटलं आलापल्लीला दाखवू. थोड्या वेळाने एसीची हवा मंदावली. मग गाडीने दोन आचके दिले आणि एका छोट्या पुलियाजवळ बंद पडली. चावी फिरवली तर नुसतं टक्, टक्… मग तेही नाही.

मी खटका ओढून बॉनेट उघडलं. इंजिनावरचा पट्टा तुटून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. त्या पट्ट्यावरच बॅटरी चार्ज होते. बॉनेट पाडलं. मोबाईलला रेंज नव्हती. पुढच्या वळणावर चढ होता. तिथून रेंज मिळते का, एखादी गाडी येताना दिसते का बघावं म्हणून निघालो. आणि निघता निघता बोटांनी आपलं काम केलं. बटण दाबलं. चार खुंट्या खाली गेल्या, पण तो आवाज नेहमीचा नव्हता. दमल्यासारखा होता. ते मला तेव्हा ऐकू आलं, लक्षात नंतर आलं.

वळणावर रेंज नव्हती. एक जीप आली, मी हात केला, ती थांबली नाही. नक्षलवाद्यांच्या धास्तीने त्या भागात त्या वर्षांत अनोळखी माणसाने हात दाखवला म्हणून कोणी थांबत नसे. मीही थांबलो नसतो. परत आलो. बटण दाबलं.

काही झालं नाही.

रिमोटचा बारीक लाल दिवा लागत होता, म्हणजे रिमोट ठीक होता. गाडीतच जीव उरला नव्हता. असलेला नसलेला सगळा जीव तिने ती दारं बंद करण्यात घालवला होता. मी चारही दारांचे हँडल ओढून बघितले. डिकी बघितली. चावी काढून ड्रायव्हरच्या दारापाशी गेलो आणि तेव्हा आठवलं… पडन तं मी आहो ना, काढून देईन.

चावीच्या टोकाने तो मसाला खरवडला. वरचा रंग तेवढा निघाला. चावीचं टोक घासलं.

बाबा आतून माझ्याकडे बघत होते. काचा सगळ्या वर, बटणावरच्या, त्या आता खाली होणार नव्हत्या. चंद्रपूर-गडचिरोलीचं मे महिन्याचं ऊन ज्यांनी अंगावर घेतलं आहे त्यांना बंद गाडीत काय होतं हे सांगायला नको. पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. बाबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला डावा हात मध्येच थांबत होता. तोंड उघडं. ओठ हलत होते. काय म्हणत होते हे सांगायला नकोच.

आता जे लिहितो ते सुनंदालाही माहीत नाही.

उपाय सोपा होता. काच फोडायची. लहान मुलालाही सुचेल. पुलियाच्या कठड्यापाशी एक दगड पडला होता, नारळाएवढा. मी त्याच्याजवळ गेलो. वाकलो. हात लावला… तापलेला होता. आणि मी हात मागे घेतला.

कितीतरी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आलो की गाडी आमच्यासाठी नवी, काच फोडायला जीव झाला नाही म्हणून थांबलो. ते खोटं आहे. काचेचा विचार आला, पण क्षणभरच. मी दगडाशेजारी पुलियावर बसलो. आणि माझ्या मनात आलं, की मी जर काहीच केलं नाही, तर कोणीही मला काही म्हणणार नाही. गाडी बंद पडली. बॅटरी संपली. दार उघडेना. जंगलातला रस्ता. बिचारा लेक काय करणार? भोक तर बाबांनी स्वतःच्या हाताने बुजवलेलं. सगळा दोष असा नीट बसत होता, आणि त्यात माझा वाटा कुठेच नव्हता.

"सुनंदा, मी खूप प्रयत्न केला गं, पण गाडी उघडलीच नाही."

हे वाक्य मी तिथे बसून तयार केलं. एकदाच नाही. शब्द इकडचे तिकडे करून बघितले. हे वाक्य म्हणताना मी कुठे उभा असेन, ती काय करत असेल, तेही बघितलं. आणि त्या बसण्यात मला काय वाटत होतं म्हणाल, तर… गार वाटत होतं. एवढ्या उन्हात. रात्री झोप लागायच्या आधी वाटतं तसं.

किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. घड्याळ हातात होतं, बघितलं नाही.

मग बाबांनी माझ्याकडे बघणं सोडलं. आधी वाटलं शुद्ध गेली. पण डोळे उघडे होते आणि ते फिरले — डावीकडे, पुढच्या सीटकडे. तिथे कोणी येऊन बसलं तर आपण बघतो ना, तसे बघायला लागले. आणि पुढच्या डाव्या दाराची खुंटी वर आली.

हळू. हे मला नीट सांगायचं आहे. सेंट्रल लॉक उघडलं की चारही खुंट्या एका झटक्यात उडतात. ही तशी आली नाही. दोन बोटांत धरून कोणी वर ओढावी तशी आली. खट् असा बारीक आवाज झाला. बाबांचे डोळे सरकले. ड्रायव्हरच्या दाराची खुंटी वर आली. पुन्हा डोळे फिरले, मागच्या डाव्या दाराकडे, त्यांच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे. तीही वर आली. मग बाबांनी मान वर केली. शेजारी बसलेलं माणूस आपल्या अंगावरून हात पलीकडे नेतं, तेव्हा आपण त्याला जागा देण्यासाठी थोडं मागे रेलतो. बाबा तसे मागे रेलले. आणि त्यांच्या लुळ्या खांद्याजवळची चौथी खुंटी वर आली.

बाबांचे ओठ हलले. "बरं." ते माझ्याकडे बघून म्हणाले नव्हते.

रिमोट माझ्या हातात नव्हता. तो मघाशी वैतागून बॉनेटवर टाकला होता, तिथेच पडलेला मला दिसत होता. गाडीचे इंडिकेटर लुकलुकले नाहीत. आसपास माणूस नाही, वारा नाही.

मी धावलो. दार ओढलं, उघडलं. आतली वाफ तोंडावर आली. साडीची गाठ सोडून बाबांना बाहेर ओढलं, पुलियाखाली सावलीला नेऊन निजवलं. बाटलीतलं गरम पाणी तोंडात घातलं, साडी ओली करून डोक्यावर ठेवली. त्यांची कातडी तापली होती आणि छाती भात्यासारखी चालली होती. मी "बाबा, बाबा" करत होतो. रडतही होतो. ते रडणं खरं होतं, हे तरी माझ्यावर विश्वास ठेवून माना.

थोड्या वेळाने लाकडं भरलेला एक ट्रक आलापल्लीच्या डेपोकडे चालला होता, तो थांबला. ड्रायव्हर हमीदभाई, बल्लारपूरचे. उतरले, बाबांकडे बघितलं, गाडीकडे बघितलं.

"काय झालं, गुरुजी?" खिशाचा पेन बघून त्यांनी मला गुरुजी करून टाकलं होतं.

मी सांगितलं. बॅटरी संपली, दारं लागली, बाबा आत अडकले.

"अरे, मंग काच फोडाची ना! काऊन नाई फोडली?"

"फोडणारच होतो," मी म्हणालो. "दगड हातात घेतला… तेवढ्यात आपोआप उघडली."

ते माझं पहिलं खोटं. नंतर ते इतक्यांदा बोललो की आता झोपेतही तसंच बोलेन.

"आपोआप?" हमीदभाई गाडीत बसले. चावी फिरवली, हॉर्न दाबला, दिवे, इंडिकेटर, छतावरचा बल्ब. कशातच काही नाही. "हिच्यात तं मच्छर माराइतका करंट नाई, गुरुजी. लॉक कसं खुललं?"  मग एकदम खाली उतरले आणि हात पुसले. "जाऊ द्या. अल्लाहनं बचावलं म्हाताऱ्याले. उचला तिकडून."

बाबांना केबिनमध्ये निजवलं. गाडी ट्रकच्या मागे साखळीने बांधून आलापल्लीला आणली. बाबांना दवाखान्यात दोन बाटल्या सलाइन चढलं. मी मधल्या वेळात इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने बॅटरी तपासली, म्हणाला साफ मेली आहे, पाणीच नाही हिच्यात. दुसरी बॅटरी लावून लॉक चालवून बघितलं. चारही खुंट्या एकदम खाली, एकदम वर. काही बिघाड नव्हता.

"एकेक करून वर येऊ शकते का?" मी विचारलं.

"कशी येईन? एकाच वायरवर हायेत सगळ्या. तुमचं लॉक लागलंच नसन, सर. टेन्शनमध्ये होते तुमी."

मी चारही हँडल ओढून बघितले होते. पण मी त्याच्याशी वाद घातला नाही. मला वाटलं, अजून विचारलं तर तो विचारेल — तुम्ही काय करत होते तेव्हा?

घरी हीच गोष्ट सांगितली. दगड हातात घेतला होता आणि तेवढ्यात दार उघडलं. सुनंदाने सगळं ऐकून घेतलं आणि उठून बाबांच्या कपाळावर हात ठेवला. नातेवाइकांत गोष्ट पसरली. कोणी म्हणालं, तुझी आई आली असेल. माझ्या आईचं आणि बाबांचं आयुष्यभर पटलं नाही. ती आली असती तर दार उघडायच्या आधी भोक काऊन बुजवलं म्हणून भांडली असती. आणि बाबांनी तिला एवढ्या सहज "बरं" म्हटलं नसतं.

बाबा त्यानंतर तीन वर्षं जगले. मी त्यांचं सगळं केलं. सगळं म्हणजे सगळं. सुनंदाला हात लावू दिला नाही. लोकांनी जे पाहिलं ते खोटं नाही, माझ्या हातांनी ते केलं आहे. पण बाबा मला "बरं" म्हणत नसत. सुनंदाला म्हणत, नातीला म्हणत, पेपरवाल्याला, खिडकीतल्या कावळ्याला म्हणत. मी घास पुढे केला की तोंड उघडत, गिळत, आणि माझ्याकडे बघत राहत. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. नुसते बघत. सुनंदा म्हणायची, "तुमच्याशी बोलत काऊन नाई बाबा? रुसले का?" मी म्हणायचो, दमत असतील.

त्यांनी मला पुलियावर बसलेलं पाहिलं होतं. काचेतून सगळं दिसत होतं.

गाडी मी लगेच विकली. घेणाऱ्याने विचारलं, चावीचं भोक कुठे आहे? मी म्हणालो, बुजलंय, काढून घ्या.

दार कसं उघडलं याचं उत्तर माझ्याकडे नाही. उष्णतेने पत्रा फुगला, कुठली स्प्रिंग सुटली, मला उन्हाचा झटका बसून भास झाला — सगळं लावून बघितलं. भास झाला असेल तर दार उघडलं कसं, आणि स्प्रिंग सुटली असेल तर चार एकापाठोपाठ एक कशा, आणि बाबा बघत कोणाकडे होते… तिथे येऊन थांबतो. कोणाला यातलं कळत असेल तर सांगावं, मी ऐकेन.

पण खरं विचाराल तर आता दाराचं मला तेवढं वाटत नाही. रात्री जाग आली की दुसरंच चालू होतं. ती पहिली खुंटी वर यायच्या आधी मी उठत होतो. गुडघ्यावर हात ठेवला होता, नजर दगडाकडे होती, आणि मी उठत होतो… असं मला आठवतं. अगदी स्पष्ट आठवतं. फक्त हे तिथे झालं होतं, की इतक्या वर्षांत रोज थोडं थोडं करून मीच ते बनवलं आहे, हे मला सांगता येत नाही. ज्याने दार उघडलं त्याने अजून थोडं थांबायला हवं होतं. मग मला कळलं असतं.